डावीकडची रिकामी चौकट

१

त्या वर्षी डोंगरातल्या माणसांना आडनावं वाटायचं काम निघालं. सरकारचं कामच तसं, एकदा मनात आलं की आलं! तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर लग्नं लागत होती, भांडणं होत होती, माणसं पुरली जात होती. पण अल्जिअर्सच्या फ्रेंच साहेबांना ते काही चालेना. प्रत्येक घराला आडनाव हवं, प्रत्येक जाणत्या पुरुषाला क्रमांक हवा. आणि आपल्या सोयीसाठी त्यांनी गावागणिक एकेक अक्षर वाटून टाकलेलं. तिझी-उझरू गावाच्या वाट्याला 'ब' आलं. आता गावातल्या झाडून सगळ्या आडनावांनी 'ब'पासूनच सुरू व्हायचं. म्हणजे नाव ऐकलं की माणूस कुठल्या गोठ्यातला ते शिपायाला कळणार.

वेशीवर दगडी ओटे होते, वर कौलाचं छप्पर. गावाची पंचायत तिथंच बसायची. तिथं टेबल मांडून मस्यू पेर्को हा फ्रेंच साहेब बसे, आणि त्याच्या शेजारी दुभाष्या आणि कारकून असा दोन्ही म्हणून अर्झकी. अर्झकी याच गावचा. लहानपणी मशिदीत अरबी शिकला, मग शहरात जाऊन फ्रेंच शिकला. दोन्ही अक्षरं त्याच्या बोटांत होती आणि त्याचा त्याला भारी ताठा होता.

आडनावं निवडायचं काम साहेबानं त्याच्यावरच सोडलेलं. एके दिवशी एका घराला त्यानं 'बुखनूना' दिलं. म्हणजे शेंबड्या! ओटा हसून लोळला. त्या घरचा धाकटा उसळून उभा राहिला, "आम्हाला शेंबडे म्हणता? जन्मभर? पोराबाळांनापण?"

गावाचा मुख्य दा मोकरान कडाडला, "तुझा थोरला बसलाय ना समोर? मग तू कशाला तोंड उघडतोस? बैस खाली!"

थोरला भाऊ बसलेला असताना धाकट्यानं पंचायतीत बोलायचं नाही, हा गावाचा नियम. थोरल्याला 'दा' म्हणायचं, तो आला की उठायचं, त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं नाही. बिचारा धाकटा खाली बसला. गंमत अशी की थोरला ठार बहिरा होता, त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. तो आपला दाढी कुरवाळत हसत होता. अर्झकीनं हसू दाबत 'बुखनूना' लिहून टाकलं. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यानं 'बर्कानी' हे भारदस्त नाव आधीच राखून ठेवलेलं.

त्या दिवसांत तो जमिनीवर चालतच नव्हता. नोंदवही वेळेत पुरी झाली तर खालच्या कचेरीत त्याची कायमची नेमणूक होणार होती. कौलारू घर मिळणार होतं, आणि घराच्या अंगणात पाण्याचा नळ! तिझी-उझरूच्या बाया झऱ्यावरून पाण्याचे घडे पाठीवर घेऊन चढण चढत. त्याची बायको तासादित गेली नऊ वर्षं दिवसातून चार खेपा करत होती.

"नळ म्हणजे नुसतं फिरवायचं?" ती रोज विचारायची.

"नुसतं फिरवायचं."

"आणि थांबत नाही?"

"तू थांबवलंस तर थांबतो, राणी!"

ती खुदकन हसायची आणि हवेतच नळ फिरवून बघायची.

२

शेवटचा कागद अर्झकीच्या घराचा होता. भर दुपार. साहेब सार्डिनचा डबा आणि अर्धी बाटली संपवून अंजिराच्या झाडाखाली घोरत पडलेला. अर्झकीनं मोठ्या हौसेनं नवी निब लावली. वरच्या चौकटीत मेलेल्या बापाचं नाव, अली. खाली मुलांच्या दोन चौकटी. आनंदात, घाईघाईत, त्यानं आपलं नाव लिहिलं आणि शेजारी ऐटीत लिहिलं, घरप्रमुख. नावाखाली तासादितचं नाव घातलं. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि जीभच चावली.

त्याचा हात अरबी वळणावर गेला होता. त्यानं उजवीकडून सुरुवात केली होती!

फ्रेंच कागद डावीकडून चालतो. डावीकडं थोरला, उजवीकडं धाकटा. अर्झकी तर एकुलता एक. आता डावीकडची चौकट त्याच्या आधी रिकामी, आ वासून बसलेली. नावानंतर जागा उरली तर आडवी रेघ मारता यायची, नावाआधीची जागा मात्र रिकामी ठेवायची नाही, असा कडक हुकूम होता. खाडाखोड चालत नसे. कोरे कागद मोजून येत. एक फुकट गेला तर त्याचा खुलासा अल्जिअर्सला जाई, आणि खुलासा ज्याच्या नावावर गेला त्याच्या नेमणुकीला राम राम!

त्यात आणखी एक घोळ होता. वसंतात शिरगणती झाली तेव्हा साहेबानं गावची माणसं तीनशे बारा म्हणून तार ठोकून दिली होती. अर्झकी चार दिवस बेरीज करत होता आणि बेरीज येत होती तीनशे अकरा.

त्यानं चौकटीकडं पाहिलं. मग घोरणाऱ्या साहेबाकडं पाहिलं. आणि त्याला असं काही सुचलं की छातीत आनंदानं धडधडायला लागलं. एका दगडात दोन पक्षी! त्यानं डावीकडं सुबक अक्षरात लिहिलं: यिदीर, वय एक्केचाळीस, अविवाहित, अर्झकीचा थोरला भाऊ. क्रमांक सत्त्याऐंशी. स्वतः अठ्ठ्याऐंशी. पुढच्या वर्षी 'मयत' म्हणून एक शेरा मारला की काम संपलं. कागदावरचा माणूस, त्याला कुठं कफन लागतं?

साहेब उठला, बेरीज पाहून टेबलावर थाप मारली. "तीनशे बारा! बघ, तार कधी खोटं बोलत नाही!" आणि खाली झोकदार सही केली.

३

नांगरटीआधी गाव बैल कापतं आणि माणशी सारखा वाटा करतं. तान्ह्या पोरालाही वाटा आणि मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यालाही. मोजणी गावाची आपली आपण असते, सरकारी वही त्यात येत नाही. आदल्या दिवशी थैली घरोघर फिरते आणि घरची बाई माणशी एक वालाचा दाणा तिच्यात टाकते.

त्याच संध्याकाळी अर्झकी घरी आला तेव्हा तासादित थैली शेजारच्या घरी देऊन परतत होती. चूल पेटलेली, सपीट वाफेवर शिजत होतं. अर्झकीनं सहज विचारलं, "किती दाणे टाकलेस?"

"तीन."

तो बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं. आपण तर हिला काही बोललो नव्हतो! नक्की शिपायानं वहीत डोकावून पाहिलं असणार, आणि ते तिच्या कानावर आलं असणार. "वा गं वा! सरकारला मी फसवलं आणि गावाला तू! मांसाचा एक वाटा जास्तीचा!"

तासादित हसली नाही. "फसवलं काय त्यात? तीनच की." आणि ती जेवणाची तयारी करू लागली. त्यांचा लाकडी थाळा एकच होता. त्यात तिनं चमचे टेकवून ठेवले. एक, दोन, तीन.

तिसरा चमचा अर्झकीनं उचलून पाहिला. जुना होता. दांड्याला बोटांनी गुळगुळीत झालेली खोलगट जागा होती. पाहुण्यांसाठीचा असेल, त्यानं मनाला सांगितलं. घरात काय काय असतं, पुरुषाला कुठं ठाऊक असतं?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात काय धमाल! पोरं बैलांच्या शिंगांभोवती नाचत होती, बाया छपरांवरून जिभा फिरवून ललकारत होत्या, वेशीसमोर ॲश झाडाच्या पानांवर मांसाचे ढीग लागले होते. कुणी म्हणत होतं याचं हाड मोठं, कुणी म्हणत होतं त्याची चरबी जास्त. अर्झकीही बाह्या सरसावून ओरडत होता. कालचं सगळं तो विसरून गेला होता.

बर्कानी घराची हाक आली. तो पुढं झाला तर दा मोकराननं दोनच वाटे त्याच्या टोपलीत टाकले.

"दा मोकरान, आमचे तीन ना?" म्हणताना अर्झकीनं डोळा मारला.

"तिसरा तुझ्या थोरल्यानं नेला की. आत्ताच." म्हातारा सुरी पुसत म्हणाला.

"कुणी?"

"अरे, दा यिदीरनं! आता भावालाही विसरलास? साहेबाच्या टेबलाशी बसून बसून चढलीय वाटतं तुला!" आणि भोवतालची माणसं हसली. ती थट्टा रोजची होती, अगदी नेहमीची. ही सगळी मंडळी मिळून आपली टिंगल करतायत, अर्झकीनं ठरवलं. बुखनूनाचा सूड! शिपायानं फोडलं असणार, आणि गावानं मिळून बेत रचला असणार. तो हसला, जरा जास्तच मोठ्यानं हसला.

घरी आला तेव्हा तासादित चुलीपुढं होती. तिसरा वाटा खुंटीला टांगलेला, त्यातून रक्ताचा थेंब थेंब मडक्यात पडत होता. अर्झकी विचारणार एवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

थोरले दीर घरात येताना खाकरतात. आतल्या बाईला पदर सावरायला अवसर मिळावा म्हणून. तसलंच खाकरणं. जड, संथ, या घरात रोज येणाऱ्या माणसाचं. तासादितनं डोईवरचा रुमाल पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. किती सहज! हजारदा केल्यासारखं.

दारातून येणारं ऊन कमी झालं. मग गोठ्यावरच्या माळ्याची शिडी करकरली, एकेक पायरी, पाच पायऱ्या. खालच्या गोठ्यातल्या शेळ्या एकदम गप्प झाल्या. दारात पुन्हा ऊन आलं.

अर्झकी शिडीशी गेला. माळ्यावर अंजिरांच्या टोपल्या होत्या, तेलाचे रांजण होते आणि एक घोंगडी होती. घोंगडीवर माणूस झोपून झोपून पडतो तसा खळगा पडला होता. त्यानं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. खळगा उबदार होता.

"तासादित," तो खाली येऊन कुजबुजला, "कोण गेलं वर?"

"असं काय विचारतोस? दा यिदीर."

"दिसायला कसा आहे तो? सांग मला. नाक, डोळे, दाढी?"

ती गोंधळली. "मला कसं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "थोरल्या दिरांच्या तोंडाकडं कधी कुणी बघतं का?"

५

अर्झकी उन्हातून पळतच वेशीवर गेला. साहेब टेबलाशी लाखेची कांडी आणि शिक्का मांडत होता. अर्झकीनं वही ओढून बर्कानी घराचं पान काढलं. अक्षर त्याचंच होतं. पण 'घरप्रमुख' हा शब्द त्याच्या नावापुढचा खोडून यिदीरच्या नावापुढं लिहिलेला, आणि शेजारी साहेबाची सही.

"तुझी चूक मी दुरुस्त केली," पेर्को म्हणाला. "थोरला असताना धाकटा घरप्रमुख कसा होईल? तुमचाच कायदा तो! आणि काळजी करू नकोस, त्याचा अंगठाही घेतला मी."

पानाच्या तळाशी निळा अंगठा होता. रुंद, स्वच्छ, रेघा न् रेघा उमटलेला.

"तो... इथं आला होता? साहेब, तुम्ही पाहिलंत त्याला? कसा दिसतो?"

"कसा दिसतो म्हणजे?" साहेबाला हसू आलं. "पांढरा झगा, डोक्यावर टोपडं ओढलेलं. माझ्या मित्रा, खरं सांगू? मला तुम्ही सगळे सारखेच दिसता. फार शांत माणूस. बस म्हटलं, बसला. तुझ्यापेक्षा बरा!" मग त्यानं खिशातून एक लोखंडी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "उद्या सकाळी गावासमोर नावांचं वाचन झालं की ही तुझी. नळाचं घर!"

एरवी अर्झकीनं उडी मारली असती. आता त्याला ती किल्ली हातात घ्यावीशी वाटेना.

घरी तासादित उंबऱ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर गाठोडं होतं. आत तिचा एक झगा, कंगवा आणि आईनं दिलेली चांदीची बांगडी. रडून रडून डोळे सुजलेले.

"दा यिदीर दाराआडून बोलले," ती म्हणाली. "म्हणाले, नऊ वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. खालच्या घरात अर्झकीसाठी नवी बायको येईल. माझ्या भावाला निरोप गेलाय. उद्या वाचन संपलं की तो मला न्यायला येणार."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"घरप्रमुखाचा शब्द आहे रे! मी काय करणार? तू काय करणार?" मग तिनं त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिची नखं रुतली. "अर्झकी, खरं सांग. लग्न करून आले तेव्हा या घरात ते होते का? मला आठवतात आणि आठवत नाहीत. मला वेड लागलंय का?"

तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. उजवीकडून लिहिलेलं नाव, रिकामी चौकट, तीनशे बारा. सांगताना त्याची त्यालाच लाज वाटत होती, आणि तरी अंगात एकदम बळही येत होतं. लिहिलं ते मीच, मग पुसणारही मीच! वाचनाच्या वेळी हरकत घेता येते. शिक्का पडेपर्यंत. त्यानंतर वही अल्जिअर्सला जाते आणि मग देवालाही बदलता येत नाही.

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "असा माणूसच नाही म्हणून सांगतो. नोकरी गेली तरी जाऊ दे."

"नळ गेला तर जाऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "मी जन्मभर घडे वाहीन. पण म्हण हं! नक्की म्हण!"

वर माळ्यावर कुणीतरी कुशीवर वळलं.

६

सकाळी नऊ वाजता वेस माणसांनी फुलून गेली. सगळी सणातली पांढरी धुवट वस्त्रं. छपरांवर बाया. आपलं नवीन नाव मोठ्यानं ऐकायची आता पोरांनाही उत्सुकता लागलेली. अर्झकी टेबलाशी वही धरून उभा होता. त्याचं काळीज नुसतं उड्या मारत होतं, भीतीनं म्हणता यायचं नाही, आता सुटणार या उमेदीनं. त्यानं नावं घ्यायची, माणसानं 'हजर' म्हणायचं, साहेबानं खूण करायची. शेंबड्यांची पाळी आली. बहिरा थोरला आपला हसत बसून राहिला, धाकट्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि तो ओरडला, "हजर!" सगळे खो खो हसले. ऐंशी झाले. पंच्याऐंशी झाले. शहाऐंशी झाला.

अर्झकी थांबला. त्यानं वही मिटली, मान वर केली. "मंडळी, सत्त्याऐंशी क्रमांकाबद्दल मला सांगायचंय..."

"अर्झकी!" दा मोकराननं हात वर केला. आवाज मऊ होता, समजुतीचा. "बाबा रे, तुझा थोरला बसलाय ना समोर? मग तू कशाला तोंड उघडतोस?"

ओट्यावरची माणसं मानेनं हो हो करत होती. बुखनूनांचा धाकटा तर आनंदानं पुढं वाकला होता.

आणि तेवढ्यात अर्झकीला वाट सापडली! गावाचा नियम गावाच्या भाषेत. फ्रेंचमध्ये बोलायला कोण अडवणार? तो साहेबाकडं वळला आणि धडाधड बोलत सुटला, "साहेब, हा माणूस नाहीच! मी लिहिला. जागा चुकली म्हणून लिहिला, बेरीज जमेना म्हणून लिहिला. मला भाऊ नाही. कधीच नव्हता. मला काढून टाका, तुरुंगात घाला, पण हे नाव खोडा!"

पेर्कोनं शांतपणे ऐकून घेतलं. वही पुन्हा उघडून सहीवर बोट ठेवलं, अंगठ्यावर बोट ठेवलं. मग लेखणी उचलून कडेच्या ओट्याच्या दिशेनं दाखवली.

"मग तो कोण बसलाय?"

सकाळपासून अर्झकीनं त्या ओट्याकडं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि त्यांच्यात एक पांढरा झगा. दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्याला आदरानं जागा करून दिलेली. गुडघ्यावर ठेवलेला हात. त्या हाताचा अंगठा निळा. वर छातीवर रुळणारी दाढी, त्यावर टोपड्याची सावली, आणि अर्झकीची नजर तिथून वर चढू लागली.

मान आपोआप खाली गेली. तीस वर्षं प्रत्येकाच्या थोरल्यापुढं वाकवलेली मान. त्यानं जोर लावला, दात खाल्ले, पण ती वर येईना. त्याला समोर फक्त पायाखालचे दगड दिसत होते.

"सत्त्याऐंशी?" साहेबानं स्वतःच हाक दिली.

"हजर." आवाज जड आणि संथ होता. कुठंतरी अर्झकीच्या बापाच्या आवाजासारखा.

लेखणी करकरली.

"अठ्ठ्याऐंशी?"

अर्झकीनं छपरांकडं पाहायला हवं होतं. तासादित तिथं कुठंतरी उभी होती. पण मान वर येत नव्हती, आणि सगळं गाव वाट बघत होतं, आणि थोरला हजर म्हणून गेल्यावर धाकट्यानं काय म्हणायचं असतं ते त्याच्या तोंडाला पाठ होतं.

"हजर," तो म्हणाला.

७

दुपारी तो घरी आला. मुठीत लोखंडी किल्ली होती. साहेबानं ती त्याच्या हातात कोंबून पाठ थोपटली होती. वाटेत दा मोकरान म्हणाला, "तिचा भाऊ खेचर घेऊन आला होता. आत्ताच गेली दोघं. वाईट वाटून घेऊ नकोस, थोरल्यांना पुढचं दिसतं."

उंबऱ्याशी पाण्याचा घडा होता. काठोकाठ भरलेला. जाण्याआधी तिनं शेवटची खेप केली होती.

आत चुलीपुढं चटई घातलेली होती, मधे लाकडी थाळा, आणि थाळ्यात दोन चमचे. अर्झकी चटईवर बसला आणि रडायला लागला, पोरासारखा, हुंदके देऊन. किल्ली मुठीत रुतत होती.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

अर्झकीनं डोळे पुसले, मान खाली घातली आणि तो उठून उभा राहिला.